लाकडी मॉड्युलर (ठरावीक मापाचे भाग जोडून केलेलं) घर बांधताय? या चुका टाळा

पहिली चूक वीट-लाकूड यायच्या आधीच होते. आराखडा पक्का करायचा, मग रहिवाशांना बोलावून भिंतींचा रंग विचारायचा. याला सहभाग म्हणत नाहीत. पाच वर्षांनी घरात किती माणसं असतील, हे आधी विचारा. मोकळ्या जागेत खडूने खऱ्या मापाचं घर आखा आणि लोकांना त्यात फिरू द्या. नकाशा बघून गप्प बसलेल्या आजीच तिथे सांगतात, "हे दार पलंगाला आपटणार."

‘घर पुढे बदलता येईल’ असं सांगायचं आणि छताचा भार आतल्या भिंतींवर टाकायचा, हेही सर्रास घडतं. भार खांब-तुळयांवरच हवा, तरच आतलं पार्टिशन पुढे हलवता येतं. ब्रिटनमधले वास्तुविशारद वॉल्टर सेगल यांच्या पद्धतीचं मर्म हेच. १९८० च्या सुमारास लंडनच्या लुइशम भागात सुतारकाम न शिकलेल्या कुटुंबांनीही त्या पद्धतीने आपली घरं स्वतः उभारली. बाजारात ज्या मापाचे बोर्ड मिळतात, त्यावरच त्या घरांची चौकट (सांगाडा) बेतलेली असे. आपण मात्र १२२० मिमी रुंद बोर्ड आणतो आणि चौकट १२०० ला आखतो. मग प्रत्येक बोर्डाची २० मिमी पट्टी कापा आणि फेका. स्वस्ताई अशीच भुशात जाते.

खांब मातीत गाडू नका. कापलेलं टोक सर्वांत जास्त पाणी पितं, म्हणून ते धातूच्या बुटावर (खांबाखालच्या बैठकीवर) जमिनीपासून उचलून ठेवा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर सहसा बुरशी धरत नाही.

दार अडकतंय? लगेच रंधा काढू नका. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण (समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर) मोजा. सारखे भरले तर लाकूड दमट हवेने फुगलंय (ते आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही), कोरडी हवा येईपर्यंत थांबा. कमी-जास्त भरले तर सांगाडा कललाय किंवा पाया खचलाय. तिरप्या आधारांचे बोल्ट तपासा.

शेजाऱ्याची शिंक ऐकू येत असेल, तर दोन घरांमधली भिंत एकाच चौकटीवर उभी असणार. तिथे एकमेकींना न टेकणाऱ्या दोन चौकटी लागतात. पॅनेल स्क्रूने बसवलं असेल तर उघडून दुरुस्त होईल. सरसाने चिकटवलं असेल तर तोडावंच लागेल.