जीवाणूच्या जीनोममधल्या सारख्या तुकड्यांवरचं मिथिलेशन कसं तपासावं

नव्याने येणाऱ्यांना मी आधी जेल (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी चाचणी) चालवायला लावते, सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, नंतर. ई. कोलायमध्ये डॅम नावाचं एन्झाइम डीएनएतल्या जीएटीसी या अक्षरांतल्या ए वर मिथाइल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण, बसवतं; हेच मिथिलेशन. के-१२ जातीच्या सुमारे ४६ लाख बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जीनोममध्ये अशा जागा १९ हजारांच्या आसपास आहेत.

डीएनए तीन नळ्यांत वाटा, प्रत्येकीत एक कापणारं एन्झाइम घाला आणि मग तिन्ही जेलवर शेजारी चालवा. डीपीएन-१ मिथाइल असलेलाच जीएटीसी कापतं, एमबीओ-१ नसलेलाच, सॉ-३ए दोन्ही. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेत खालपर्यंत स्मिअर (लहानमोठ्या तुकड्यांचा पसरट पट्टा) उतरला आणि मधल्या रांगेत डीएनए वरच जाड राहिला, तर डॅम नीट काम करतंय. तिसरी नळी कधीच वगळू नका. डीएनए कापला जाण्याइतका स्वच्छ आहे हे तीच सांगते.

खरी अडचण पुढे आहे. या जीवाणूत रायबोसोमल आरएनएचे ऑपेरॉन (एकत्र चालणाऱ्या जनुकांचे गट) सात आहेत, प्रत्येकी ५ हजार बेसहून मोठे आणि जवळजवळ हुबेहूब. दीडशे बेसची रीड (सिक्वेन्सिंगमध्ये एका वेळी वाचलेला तुकडा) त्यांच्या मधोमध पडली की ती सातांपैकी कुणाची, हे सॉफ्टवेअरला ठरवताच येत नाही. ते ती कुठेतरी बसवून देतं. मग एका प्रतीवर मिथाइल नसला तरी बाकीच्या सहांच्या सिग्नलमध्ये तो हरवतो. माझ्या मते असा सरासरी आकडा छापूच नये.

म्हणून लांब रीड घ्या, आणि त्यातही अख्खा ऑपेरॉन ओलांडून दोन्ही बाजूंच्या वेगळ्या शेजारात पोचलेल्याच ठेवा. डीएनए थेट पेशीतला हवा, कारण पीसीआरच्या, म्हणजे नळीत डीएनए वाढवण्याच्या पद्धतीच्या, प्रतींवर मिथाइल उतरत नाही. याच कारणाने त्याच डीएनएची वाढवलेली प्रत कंट्रोल म्हणून उत्तम चालते. बायसल्फाइट या रसायनाने मिथाइल शोधण्याच्या वाटेला इथे जाऊ नका, ती पद्धत सी वरचा मिथाइल दाखवते.

दोन्ही धाग्यांचे आकडे वेगळे ठेवा. नुकत्याच तयार झालेल्या धाग्यावर काही काळ मिथाइल नसतो, त्यामुळे जोमाने वाढणाऱ्या कल्चरमध्ये अर्धवट जागा दिसणारच. पण दोन्ही धाग्यांवर सतत कोरी राहणारी जागा सापडली तर ती चूक समजून टाकू नका. तिथे एखादं प्रथिन चिकटून डॅमला अडवत असेल, ई. कोलायच्या काही जातींतल्या पॅप नावाच्या जनुकांच्या अलीकडे होतं तसं.

अशी जागा सारख्या तुकड्याच्या कडेला असेल तर पीसीआरचा एक प्राइमर (जिथून प्रत सुरू होते तो छोटा तुकडा) वेगळ्या शेजारात ठेवा आणि मध्ये तेवढा एकच जीएटीसी येईल असं बघा. आधी एमबीओ-१ ने कापून पीसीआर करा, मग वेगळ्या नळीत डीपीएन-१ ने. जागा खरोखर कोरी असेल तर पहिल्या नळीतून जेलवर बँड (ठळक पट्टी) येणार नाही, दुसऱ्या नळीत येईल.