प्रयोगशाळेतला रेणू रुग्णापर्यंत नेताना

कर्करोगाच्या पेशी मारण्याचा गुण दाखवणारा रेणू हाती लागला की लगेच उंदरांकडे धावू नका. आधी त्या पेशी तुम्ही समजता त्याच आहेत ना, हे एसटीआर चाचणीने (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) पक्कं करा. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या हेला पेशींची भेसळ आजही सापडते. मायकोप्लाझ्मा या, पेशींत नकळत वाढणाऱ्या जिवाणूंचा संसर्गही तपासा. मग रेणूचं लक्ष्य असलेल्या शुद्ध एन्झाइमवरच्या चाचणीत ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य घाला (पेशींवर घालू नका, त्यांचं पटल फुटतं). गुण नाहीसा झाला, तर बहुधा रेणूंच्या गुठळ्याच एन्झाइमला अडकवून ठेवत होत्या. शेवटी क्रिस्परने (जनुकं कापण्याचं तंत्र) लक्ष्य-जनुक, म्हणजे त्या एन्झाइमचं जनुक, काढून टाकलेल्या पेशींना तोच रेणू द्या. तिथेही त्या तशाच मरत असतील, तर औषध भलत्याच वाटेने काम करतंय.

परिषदेत निष्कर्ष मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करा. अनेक देशांत एक पोस्टरही हक्क घालवायला पुरतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगात गट चिठ्ठ्या टाकून पाडा, आणि गाठ मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे कळू देऊ नका.

माणसातला पहिला डोस ठरवताना फार चुका होतात. समजा, १० मिलिग्रॅम प्रतिकिलोपर्यंत उंदराला अपाय झाला नाही. हाच आकडा माणसाला लावायचा नसतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने त्याला १२.३ ने भागायचं. येतात ०.८१ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ४९ मिलिग्रॅम. सुरक्षिततेसाठी आणखी किमान १० ने भागा : सुमारे ५ मिलिग्रॅम. हिशोब उंदराबरोबरच दुसऱ्या, कृंतक (उंदीर-घुशींच्या वर्गातला कुरतडणारा प्राणी) नसलेल्या प्रजातीसाठीही करा.

प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडी) मात्र हे गणित पुरत नाही. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड माकडांतल्या सुरक्षित मात्रेच्या पाचशेव्या भागाने दिलं, तरी सहाही निरोगी स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले. माकडांच्या संबंधित टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) हे प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो सीडी२८ हा ग्राहीच (रिसेप्टर) नव्हता, म्हणून धोका आधी दिसला नाही. शिवाय सर्वांना काही मिनिटांच्याच अंतराने डोस दिले गेले. अशा औषधाची सुरुवात मानवी पेशींत जेमतेम परिणाम दिसेल अशा मात्रेने करा. एकालाच द्या, थांबा, मगच दुसऱ्याला.

विषारीपणाच्या चाचणीला वापरलेला औषधाचा घाणा (एका वेळी बनवलेला साठा, बॅच) आणि माणसाला द्यायचा घाणा यांतल्या अशुद्धी ताडून पाहा. नव्या घाण्यात वेगळी अशुद्धी निघाली, तर प्राण्यांवरचं काम पुन्हा करावं लागू शकतं. म्हणून संश्लेषणाच्या शेवटच्या पायऱ्या आधीच कायम करा आणि प्रत्येक घाण्याचा नमुना राखून ठेवा.