आर्गसचं प्लॅनिंग समजून घ्यायचंय? आधी तारखा मांडा

उंचावरच्या अणुचाचण्यांबद्दल वाचायला घेतलं की बहुतेक जण थेट १९६२ च्या स्टारफिश प्राइम या अमेरिकन चाचणीवर उडी मारतात, होनोलुलूतले रस्त्यावरचे दिवे गेले वगैरे, आणि मग हे सगळं ठरवलं कुणी ते काही कळत नाही. मी पण तेच केलेलं. तुम्ही आर्गसपासून धरा, म्हणजे १९५८ मध्ये अमेरिकेने दक्षिण अटलांटिकवर उंचावर गुपचूप केलेले तीन अणुस्फोट, आणि तारखा १९५७ पासून मांडा.

वहीचं एक पान घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे लष्कर आणि राजकारण, उजवीकडे विज्ञान. आता तारखा टाकत जा. ४ ऑक्टोबर १९५७, स्पुटनिक. त्यानंतर लगेच अमेरिकेच्या लिव्हरमोर या अण्वस्त्रांच्या लॅबमधल्या निकोलस क्रिस्टोफिलॉसची आयडिया. हा माणूस आधी अथेन्सला लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर होता, फिजिक्स स्वतःच वाचून वाचून शिकलेला! त्याचं म्हणणं असं की वातावरणाच्या वर अणुस्फोट केला तर त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतील, पृथ्वीभोवती त्यांचं कवच होईल आणि येणारी मिसाईलं त्यात बिघडतील.

इथे नुसतं वाचून पुढे जाऊ नका. शाळेतला पट्टीचुंबक घ्या, वर कागद ठेवा, लोखंडाचा कीस भुरभुरवा. ज्या कमानी दिसतात ना, तशाच कमानींवरून इलेक्ट्रॉन गिरक्या घेत उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालतात आणि हळूहळू पूर्वेकडे सरकत जातात. मग कळतं की स्फोट दक्षिण अटलांटिकमध्ये आणि निरीक्षणाची काही जहाजं पार वर उत्तर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ का, कारण कमानीचं दुसरं टोक तिकडे उतरतं. शिवाय दक्षिण अटलांटिकवर चुंबकीय क्षेत्र कमकुवत आहे, त्यामुळे फार उंच जायची गरज नव्हती, म्हणून जहाजावरून सुटणाऱ्या छोट्या रॉकेटने काम भागत होतं.

परत वहीकडे. १ मे १९५८, आयोवाचा भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन अ‍ॅलन जाहीर करतो की अडकलेल्या कणांचे असे पट्टे पृथ्वीभोवती निसर्गात आधीपासूनच आहेत. म्हणजे आता माणसाने केलेला पट्टा वेगळा ओळखायचा कसा? त्यासाठी २६ जुलैला एक्सप्लोरर ४ सोडला, त्यातले कण मोजणारे काउंटर व्हॅन अ‍ॅलनच्याच आयोवाच्या टीमचे. हा उपग्रह कुठल्या बाजूला लिहायचा यावर तुम्ही अडकणार. मी रेघेवरच लिहिलाय.

डावीकडे घाई दिसेल. मार्चअखेर सोव्हिएतने चाचण्या थांबवल्याचं जाहीर केलेलं, २२ ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर म्हणाले ३१ ऑक्टोबरपासून आम्हीही थांबू, आणि पाचच दिवसांनी, २७ ऑगस्टला नॉर्टन साउंड या जहाजावरून आर्गसचा पहिला स्फोट, मग ३० ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर. १-२ किलोटनचे छोटे स्फोट, पण हलत्या डेकवरून अणुबॉम्बचं रॉकेट सोडायचं, विचार करा. इलेक्ट्रॉन अडकले खरे, पण मिसाईल बिघडवण्याइतके टिकलेच नाहीत. सगळं गुपित, ते १९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्क टाइम्सने फोडलं.

टीक आणि ऑरेंज हे त्याच उन्हाळ्यातले अमेरिकेचे उंचावरचे दोन स्फोट आर्गसमध्ये घुसवू नका, ते वेगळे, हार्डटॅक या चाचण्यांच्या मालिकेतले, ३.८ मेगाटनचे. ते आधी पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटाला ठरलेले, पण आजूबाजूच्या बेटांवरच्या लोकांचे डोळे भाजतील या भीतीने जॉन्स्टन बेटावर हलवले. यात लष्कराला स्फोटाचे परिणाम बघायचे होते, मिसाईल पाडायला काय उपयोग, रेडिओ-रडारचं काय होतं. टीकने पॅसिफिकमधला रेडिओ संपर्क काही तास विस्कटला, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

तारखांत एक घोळ हमखास होतो. टीक कुठे ३१ जुलै लिहिलेला सापडेल, कुठे १ ऑगस्ट. दोन्ही बरोबर, एक बेटावरची वेळ, एक ग्रिनिचची. पानाच्या वरच कुठली वेळ धरताय ते लिहून ठेवा, नाहीतर माझ्यासारखा एकच स्फोट दोनदा मोजाल.