मासळीच्या जुन्या पिकअपला खाऱ्या पाण्यातून जगवायचं कसं

भाऊच्या धक्क्यावर पहाटे लागणाऱ्या जुन्या पिकअपखाली कधी वाकून बघा. इंजिन ठणठणीत असतं, गिअर व्यवस्थित पडतात आणि मागच्या पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी चासीचा पत्रा पापुद्रे सुटून हातात येतो. बर्फाचं पाणी, त्यात मासळीचं मीठ, रक्त आणि खवले, हे सगळं हौद्याच्या (माल ठेवायच्या मागच्या भागाच्या) फटींतून टपकतं, चासीवर पडतं आणि तिथेच बसून राहतं. माझी बोलेरो पिकअप जुनी आहे, पण अजून धक्का ते दादर, कधी मरोळ अशी फिरते. तिचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन दणकट आहे. वेळेवर ऑइल आणि फिल्टर दिला की ते तक्रार करत नाही, म्हणून त्याबद्दल इथे फार लिहीत नाही. माझी मेहनत जाते ती पाण्यामागे. ते कुठून शिरतं, कुठे साचतं आणि कसं बाहेर काढायचं, एवढं समजलं तर कोळीवाड्याच्या गल्लीत गाडी लावूनसुद्धा बरंच काम स्वतः करता येतं.

आधी वेळ. मुंबईत गाडीखालचं रंगकाम मे महिन्यातच करायचं. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, मग गाडी मोकळी मिळते, म्हणून बरेच जण जूनसाठी काम ठेवतात. पण तेव्हा हवेतच इतकी ओल असते की पत्रा कोरडा होत नाही, आणि ओल्या पत्र्यावर मारलेला रंग गंजाला आत कोंडून ठेवतो. मेमध्ये गंज काढा, रंग मारा. ग्रीसिंग, वायरिंग, ऑइल बदलणं ही कामं बंदीच्या काळात ताडपत्री बांधून करा.

दुसरी गोष्ट जॅकची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, मग काम दोन मिनिटांचं का असेना. चासीखाली घोडी (लोखंडी जॅक स्टँड) लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. नागदेवी स्ट्रीटला चांगल्या घोड्या मिळतात. आमच्याकडे गल्लीला उतार असतो, तिथे तर ठोकळ्याशिवाय हातच लावू नका.

हौदा आणि चासी

रोज माल उतरवला की हौदा गोड्या पाण्याने धुवायचा, हे सगळेच करतात. पण धुतलेलं पाणी जातं कुठे ते बघा. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात, ती खवल्यांनी आणि थर्माकोलच्या तुकड्यांनी बुजतात. तार घालून ती मोकळी करा. मग फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडून गाडीचं तोंड चढावर ठेवा, म्हणजे पाणी मागे निघून जाईल. त्यानंतर पाइप गाडीखाली न्या आणि चासीच्या आतल्या बाजूने पाणी मारा. चासीच्या इंग्रजी सी आकाराच्या पट्टीत चिखल साठतो आणि मीठ धरून ठेवतो. बाहेरून गाडी चकाचक दिसली तरी आतली ही पट्टी हाताने चाचपून बघा.

हौद्यात ॲल्युमिनियमची चेकर प्लेट टाकायची फॅशन आहे. दिसते छान, धुवायला सोपी. पण ॲल्युमिनियम थेट लोखंडावर बसवलं आणि मध्ये खारं पाणी गेलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. प्लेटखाली अखंड रबर शीट अंथरा आणि बोल्टला रबरी किंवा नायलॉनचे वॉशर घाला. आणि प्लेट बसवण्याआधी खालचा पत्रा रंगवून घ्या, नंतर तो कधीच दिसणार नाही.

गंज काढताना तारेचा ब्रश आणि हातोडी लागते. हातोडीने हळूहळू ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला ठप्प आवाज देतो. ठप्प आवाज आला तिथे खडूने खूण करा. खूण हँगरपाशी, पाट्याच्या ब्रॅकेटपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बसतो तिथे पडली, तर ते काम तुमचं नाही, चांगल्या वेल्डरचं आहे, आणि ते झाल्याशिवाय गाडीत माल भरू नका. बाकी ठिकाणी मोकळा गंज खरवडून काढा, पाण्याने धुवा, दिवसभर उन्हात वाळू द्या, मग रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर चासी ब्लॅक. वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेवा.

पाटे

ग्रीसगन घरात असलीच पाहिजे. पाट्याच्या शॅकल पिना, किंगपिन असेल तर तो, आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, या सगळ्यांना ग्रीस निप्पल असतात (काही गाड्यांत रबरी बुश असतात, त्यांना ग्रीस लावू नका, रबर फुगतं). आधी निप्पल फडक्याने पुसा, नाहीतर बाहेरची वाळू तुम्हीच आत ढकलाल. मग काळं, खारट, पाणी मिसळलेलं जुनं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. क्रॉसच्या चारही टोप्यांतून ग्रीस यायला हवं. एखाद्या टोपीतून येत नसेल तर तिथली सुई बेअरिंग कोरडी चालली आहे असं समजा. गाडी सोडताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो तो बहुतेक वेळा याच क्रॉसचा असतो.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते पाटा वाढवण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: वाढवू नका. दोन पाटे जास्त घातले की गाडी खाली बसत नाही, म्हणून वाटतं की जास्त माल चालेल. पण आरसी बुकात लिहिलेलं वजन तेच राहतं, ब्रेक तेच राहतात, ॲक्सल तोच राहतो. शिवाय काही पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चासीला एक दांडी असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी जितकी खाली बसेल तितका मागे जास्त ब्रेक, असं तिचं काम. पाटे कडक केले की भरलेली गाडीसुद्धा वरच राहते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. पावसात पेडर रोडचा उतार उतरताना हे कळून उपयोग नाही. पाटे थकले असतील तर मूळ मापाचा पूर्ण सेट घाला, यू-बोल्ट नवे टाका आणि थोडं चालवून झाल्यावर ते पुन्हा आवळा.

क्राऊनमध्ये पाणी

मुंबईत दरवर्षी हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे इथे पाणी भरतं आणि गाडी त्यातून काढावी लागते. चालून गरम झालेलं मागचं हौसिंग (क्राऊनचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलच्या गिअरांचा डबा) अचानक गार पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकाच्या, छोट्या टोपीतून पाणी आत ओढलं जातं. वरून काहीच कळत नाही. काही महिन्यांनी क्राऊन ऊं ऊं करायला लागतो.

तपासणं सोपं आहे. गाडी सपाट जागेवर ठेवा. क्राऊनला दोन प्लग असतात, वरचा भरायचा आणि खालचा काढायचा. नेहमी वरचा आधी सोडवून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिलं असेल, तर भरणार कुठून? वरच्या भोकात करंगळी घालून बाहेर काढा. ऑइल सोनेरी किंवा काळपट असेल तर ठीक. चहासारखं दुधी दिसलं तर पाणी गेलेलं आहे, त्याच दिवशी बदला. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. बहुतेक जुन्या पिकअपना ८०डब्ल्यू-९० चालतं. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरची बारीक लोखंडी पूड पुसून घ्या. पूड चालेल, दाताचा तुकडा निघाला तर मिस्त्रीकडे जा.

आता यातलं खरं अपग्रेड. ब्रीदरची टोपी काढून तिथे त्याच आट्यांचा नोझल लावा आणि ऑइलला टिकणारा रबरी पाइप वर हौद्याच्या पुढच्या उभ्या पत्र्यापर्यंत न्या. वरचं टोक खाली वळवा आणि त्याला छोटा फिल्टर लावा. पाट्याच्या हालचालीसाठी पाइपमध्ये सैलपणा ठेवा, सायलेन्सरपासून लांब बांधा. खर्च किरकोळ, आणि क्राऊनचं सगळ्यात महागडं दुखणं टळतं.

डिझेल फिल्टरचंही असंच. त्याच्या बुडाला स्क्रू असतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, तो सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी बुडाला वेगळं दिसतं. स्क्रू बंद करून हातपंप कडक होईपर्यंत दाबा. कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) इंजिन असेल तर पुढच्या लोखंडी पाइपांच्या नटांना हात लावू नका. चालू इंजिनात तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, कातडी फाडून डिझेल आत जातं.

अर्थ आणि हेडलाइट

जुन्या पिकअपचा उजेड मिणमिणता झाला की लोक एलईडी बल्ब टाकतात. हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा प्रकाश चारी बाजूंना फुटतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमच्या रस्त्यावर मात्र उजेड पडत नाही. आधी मल्टिमीटर घ्या. लॅमिंग्टन रोडला साधा मिळतो, तोच पुरे.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी (बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिनशी जोडणारी) सडली आहे. तिचे बोल्ट सोडा, खालचा रंग आणि हिरवा कीट पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकवा, आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. नुसत्या एवढ्यानेच कितीतरी गाड्यांचा सेल आणि लाइट सुधारतो.

तरीही बल्बच्या होल्डरला बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी मिळत असतील, तर तेवढं व्होल्टेज जुन्या वायरींत आणि स्विचमध्ये वाया जातं आहे. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. लो साठी एक, हाय साठी एक. रिलेच्या पाठीवर आकडे असतात. ३० ला बॅटरीपासून थेट वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून बल्बला. ८५ अर्थला. ८६ ला मूळ होल्डरमधली लो किंवा हायची जुनी वायर. आता तुमचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो, दोन्ही बल्बचे मिळून नऊ-दहा अँपिअर नव्या जाड वायरीतून जातात. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, लोहार चाळीतून तांब्याचीच घ्या. आधी टेस्टरने बघून घ्या की तुमच्या गाडीत स्विच पॉझिटिव्हच्या बाजूने आहे. अर्थच्या बाजूने असेल तर जोडणी बदलते, तिथे वायरमनला विचारा. रिले तोंड खाली करून बसवा, पाणी आत थांबणार नाही. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा.

मग गाडीत नेहमीचा माल भरून भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करा. माल भरला की मागचं बसतं आणि लाइट वर जातो, म्हणून रिकाम्या गाडीवर सेटिंग करू नका. डिपरच्या (लो लाइटच्या) उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापासून साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.

बंदीत उभी गाडी, आणि फिटनेस

बंदीत गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रममध्ये लायनर चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, ते दोन वर्षांनी बदलून घ्या. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. आपल्या गल्लीतलं गटार आपल्याच खाडीला मिळतं. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

भरलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. आत ओल दिसली तर टोइंग करून न्या, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस लागत नाही, गुडघाभर पाणीही पुरतं. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, ड्रम सुकू द्या.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो. जाण्याआधी पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर टेप धुऊन बघा, मासळीच्या चिकट पाण्याने ती मळून मंद होते, फाटली असेल तर बदला. पुढे लोखंडी गार्ड असेल तर काढून टाका, डिसेंबर २०१७ पासून त्यावर बंदी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीत फरक करता येत नाही, म्हणून हौद्याची उंची वाढवायचा विचार असेल तर वेल्डरकडे जाण्याआधी आरटीओत विचारा.