जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण हटत नाही? या चुका टाळा

शेंड्याची पानं चुरगळली, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या आणि देठाच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं दिसलं, की पिठ्या ढेकूण आला समजावं. बहुतेक जण लगेच औषध आणायला धावतात. पहिली चूक तिथेच होते.

आधी पाच मिनिटं नीट बघा. पिठ्या ढेकूण ३-४ मिलिमीटरचा असतो आणि फारसा हलत नाही. पण त्याच घोळक्यात सेंटिमीटरभर लांबीचा, पांढऱ्या मेणचट झालरीचा किडा दिसला आणि काडीने डिवचल्यावर तुरुतुरु चालू लागला, तर ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी. ती ढेकणांची अंडी आणि पिल्लं फस्त करते. हा किडा १८९८ मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीचा बंदोबस्त करण्यासाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. पहिल्या वर्षी मी अशा अळ्या मोठे ढेकूण समजून चिरडल्या, त्याची हळहळ अजून वाटते. अळ्या दिसल्या तर त्या झाडावर काहीच फवारू नका.

दुसरी चूक मुंग्यांकडे दुर्लक्ष करण्याची. ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांना जपतात, ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची रांग तोडल्याशिवाय बाकीचे उपाय टिकत नाहीत. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्यांना तो पूल मिळतो.

अळ्या नसतील तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, उरलेल्यांना स्पिरिटचा बोळा. एवढ्याने भागलं नाही तरच कडुनिंबाचं तेल. ते नुसतं पाण्यात टाकलं तर वर तरंगतं. १ लिटर पाण्याला ५ मिली तेल घ्या, त्यात आधी १-२ मिली साबणद्रावण घोटा. संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा. भर उन्हात पानं करपतात. कापसासारख्या पिशवीतली अंडी वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारा. हीच फुलं आपण गणपतीला वाहतो, केसांच्या तेलात घालतो. तिथे जालीम विष नकोच.

पिवळे चिकट सापळे इथे कामाचे नाहीत, कारण ढेकणाच्या मादीला पंखच नसतात. युरियाचा मारा केला तर कोवळी लुसलुशीत फूट येते आणि ढेकणांचं फावतं. छाटलेल्या फांद्या गच्चीच्या कोपऱ्यात टाकू नका, पिशवीत बांधून बाहेर काढा. एवढं करूनही दर उन्हाळ्यात ढेकूण परतत असतील, तर कुंडीचा काठ आणि बुडाची भोकं तपासा.