कल्हई, कुकरची रिंग आणि तिसरी घंटा: शनिवारची कामं मजेत कशी काढायची

आमच्याकडे फ्रीजवर एक यादी चिकटवलेली असते आणि ती कधीच संपत नाही. कुकरची रिंग, पितळी पातेल्याची कल्हई, भाजी, देवाच्या वाती, मुलीच्या चपलेचा अंगठा. पूर्वी मी ही कामं रोज थोडी थोडी ऑफिसातून येताना करायचो, दोनदा पार्किंग शोधायचं, तीनदा दुकान बंद, घरी येईपर्यंत चिडचिड. आता महिन्यातून एक शनिवार ठरवून पुणे शहरात जातो आणि खरं सांगतो, त्या दिवसाची वाट बघतो.

पहिली गोष्ट, दिवस शेवटाकडून आखायचा. म्हणजे आधी संध्याकाळचं नाटक किंवा काय बघायचंय ते तिकीट काढून मोकळं व्हायचं आणि मग त्याच्या अलीकडे कामं बसवायची. तिकीट खिशात असलं की रांगेत उभं राहायचा त्रास होत नाही, कारण आपण रांगेसाठी आलेलोच नसतो ना, आपण नाटकाला आलोय आणि जाता जाता रिंग घेतोय. उलटं केलं, म्हणजे "कामं झाली तर बघू नाटकाचं", तर नाटक कधीच होत नाही, हे मी दहा वर्षं करून बघितलंय.

दुसरं, गाडी घरी ठेवा. पेठेत गाडी नेणं म्हणजे अर्धा दिवस गाडीलाच सांभाळणं. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी जाते, त्यामुळे कसब्याला उतरायचं आणि चालत चालत मंडईपर्यंत यायचं, सगळं एका रेषेत येतं. निघायचं साडेतीनला. त्याच्या आधी निघू नका, दुपारी एक ते चार पुण्यात दुकानदाराला उठवणं हे पाप आहे, आता बरीच दुकानं उघडी असतात म्हणा पण तोंडावरची झोप तीच असते.

आता कल्हई. हे काम टाळू नका, यादीतलं सगळ्यात भारी काम हेच आहे. आजीचं पितळी पातेलं माळ्यावर पडलेलं असतं आणि आतली कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, उडालेली असते, त्यात आमटी केली की ती कळकते म्हणून कोणी वापरत नाही. ते पिशवीत घालून कसब्यात तांबट आळीला जायचं, आळीच्या तोंडाशीच ठाकठूक ऐकू येते, तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके मारत जातात त्याला मठारकाम म्हणतात, भांड्यावरचे ते चमकणारे खळगे त्यातूनच येतात. कल्हई कोण करून देईल ते तिथे विचारलं की कोणीतरी बोट दाखवतंच. पण भांडं टाकून निघून जाऊ नका, थांबा, बघा. आधी भांडं घासून भट्टीवर चांगलं तापवतात, मग आत चिमूटभर नवसागर टाकला की भसकन पांढरा धूर येतो, नाकात शिरतो (दोन पावलं मागे उभे राहा), मग कथलाची कांडी नुसती टेकवायची, कथील २३२ अंशालाच वितळतं त्यामुळे लगेच पाणी होतं आणि कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवलं की काळपट पिवळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं होत जातं. शेवटी पाण्यात चुर्र. माझी मुलगी, जी एरवी कुठल्याही गोष्टीकडे तीस सेकंदांच्या वर बघत नाही, ती म्हणाली बाबा परत करायला सांगा. एक सांगतो, रिकामं कल्हईचं भांडं घरी गॅसवर तापत ठेवू नका, कल्हई वितळून गोळे होतात, आम्ही केलंय.

कुकरच्या रिंगसाठी जुनी रिंग बरोबर न्या. फोटो नाही, रिंग. "पाच लिटरचा आहे" एवढं सांगून आणलेली रिंग बसत नाही, आतलं झाकण आणि बाहेरचं झाकण यांच्या रिंगा वेगळ्या असतात. बोहरी आळीत असल्या बारीकसारीक गोष्टी मिळतात, दोऱ्या, बिजागऱ्या, गाळण्या, आणि गंमत अशी की तिथला माणूस आपल्या रिंगेकडे एकदा बघतो आणि न मोजता मागे हात घालून बरोबर तीच काढतो. मला हे बघायला दरवेळी मजा येते.

तुळशीबागेत खरेदी करून दमलात की आत राममंदिराच्या आवारात जाऊन बसा. बाहेर टिकल्या, क्लिपा, "ताई इकडे बघा" आणि आत दहा पावलांवर लाकडी सभामंडप, शांत. पेशव्यांच्या काळात पुण्याचे सुभेदार असलेल्या नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेलं आहे. वाती इथेच घ्या. आणि पितळेची भातुकली मांडलेली असते तिथे फक्त बघायचं ठरवून थांबा, अंगठ्याएवढा बंब, बोटभर पाटा-वरवंटा. फक्त बघायचं ठरवूनसुद्धा आमच्याकडे आता दोन बंब आहेत.

भाजी सगळ्यात शेवटी. मंडईची ती दगडी अष्टकोनी इमारत १८८६ ची, तेव्हा नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. महात्मा फुले नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणून, आणि आता इमारतीला नाव त्यांचंच आहे. आत जाऊन एकदा मान वर करून छताकडे बघा, मग भावाचं बोला. घासाघीस दोन रुपयांची करू नका, त्यापेक्षा "मावशी, भरीताला कुठलं वांगं घेऊ म्हणता?" असं विचारा. माझ्या मावशी वांगं हातात घेऊन तोलतात, दिसायला मोठं पण हलकं असेल ते देतात, जड म्हणजे आत बिया. वर चार मिरच्या न मागता येतात.

मग पिशवी घेऊन थेट नाट्यगृहात. पावसाळ्यात, साधारण ऑगस्टमध्ये, भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी असते, कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका, १९६३ पासून चालू आहे हे. मंडईतून चालत जाता येतं. पोरं "आव्वाज कुणाचा" ओरडत असतात, छप्पर उडेल की काय असं वाटतं, मग तिसरी घंटा होते आणि एकदम चिडीचूप. कधी एकांकिका बेकार असते, तरी चालतं, एका तासाचा तर प्रश्न.

फक्त नाटकाच्या दिवशी शेवग्याच्या शेंगा घेऊ नका. मी घेतल्या होत्या, मांडीवरच्या पिशवीतून बाहेर आलेल्या, ऐन अंधारात पुढच्या काकूंच्या अंबाड्यात गेल्या, आणि त्या मागे वळून हळूच म्हणाल्या, "अहो, आमटी घरी करा."

कोथिंबीर तर पिशवीत दोन तास दडपलेली असते, त्यामुळे घरी आल्यावर कितीही झोप आली तरी गड्डी सोडा, न धुता पेपरात गुंडाळून फ्रीजमध्ये टाका. बाकी सगळं सकाळी.