कोकणातली नायिका आणि महायुद्धातले सांकेतिक संदेश : कादंबरी कशी रचावी

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या स्त्रियांवर कादंबरी लिहायची असेल आणि नायिका रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ल्याची हवी असेल, तर प्रथम तिला इंग्लंडमधील ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटिशांच्या संदेश उलगडण्याच्या मुख्य केंद्रात, पाठवण्याचा मोह आवरावा. तेथील कर्मचाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या हे खरे. परंतु आपल्या नायिकेसाठी दिल्ली जवळची आणि पटणारी आहे. दिल्लीच्या आनंद पर्वतावर ब्लेचलीशी जोडलेले वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर होते व तेथे जपानी लष्कराच्या संदेशांवर काम चाले. गिरगावात काकांकडे राहून मॅट्रिक झालेली, इंग्रजी टंकलेखन शिकलेली मुलगी १९४२ साली स्थापन झालेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) या दलात भरती होऊन तेथे पोहोचते, एवढी कल्पना वाचक सहज स्वीकारतो. छोडो भारतच्या त्याच वर्षी तिने सरकारी गणवेश चढवला, याबद्दल घरात जो वाद होईल तो मात्र लेखकाने टाळू नये, कारण कादंबरीचा खरा ताण तेथेच आहे.

तिला सर्वज्ञ करू नये. ब्लेचलीत सांकेतिक संदेशांची किल्ली शोधणारी ‘बॉम्ब’ नावाची यंत्रे चालवणाऱ्या नौदलाच्या स्त्रियांनाही आपल्या यंत्रातून निघालेल्या उत्तराचे पुढे काय झाले, हे बहुधा कळत नसे. म्हणून नायिकेच्या वाट्याला वर्गवारी, नोंदपत्रे आणि टंकलेखन द्यावे, आणि जे तिला ठाऊक नाही ते निवेदकानेही सांगू नये.

तांत्रिक भाग एकाच प्रसंगात, पण नीट समजावून द्यावा. घरचे प्रत्येक पत्र ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होते, हे ठाऊक असलेल्याला सांकेतिक पत्रातील पहिल्या चार अक्षरांचा अंदाज आपोआप येतो. संदेश उलगडणारे ठरावीक पदव्या, हवामानाचे अहवाल आणि ठरीव मायने याच रीतीने वापरत. याच्या जोडीला ब्लेचलीत संदेश उलगडणाऱ्या मेव्हिस लेव्हर हिचे उदाहरण अभ्यासावे. शत्रू ज्यावर संदेश सांकेतिक करी त्या एनिग्मा यंत्रात कोणतेही अक्षर कधीही स्वतःच्याच रूपात उमटत नसे. इटालियन नौदलाच्या एका लांब संदेशात ‘एल’ हे अक्षर एकदाही आलेले नाही, हे तिने हेरले आणि चाचणीसाठी पाठवताना चालकाने कंटाळून सारखी ‘एल’चीच कळ दाबली असली पाहिजे, असा तर्क केला. माझ्या मते कोणत्याही पाठलागाच्या दृश्यापेक्षा हा तर्क अधिक थरारक आहे.

किनाऱ्याशी धागा जोडायचा तर मुरगाव बंदर आहे. तटस्थ पोर्तुगीज गोव्यात नांगरलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना बिनतारी बातम्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्सच्या मध्यमवयीन हौशी स्वारांनी त्यावर रात्री छापा घातला. जर्मन संदेश नायिकेच्या टेबलावर येणार नाहीत, तेव्हा ही हकिकत तिला वेंगुर्ल्याच्या खलाशांकडून, तिखटमीठ लावलेल्या वावड्यांच्या रूपातच कळावी, आणि ऐकताना तिने चेहरा कोरा ठेवावा.

नातवाला माळ्यावर आजीची रोजनिशी सापडते, ही युक्ती येथे चालत नाही. अशा ठिकाणी गुप्ततेची शपथ घेतलेली बाई कामाची रोजनिशी लिहीत नसते. ब्रिटनमध्ये अनेकींनी १९७० च्या दशकापर्यंत नवऱ्यालाही काही सांगितले नाही. त्यापेक्षा ‘दिल्लीत काय करायचीस?’ या प्रश्नाला ती दरवेळी देते ते तेच ते उत्तर, ‘कारकुनी’, वापरावे.

प्रवासाचे तपशील तपासून घ्यावेत. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, एस.टी.ही १९४८ पर्यंत नव्हती आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. त्यामुळे रत्नागिरीच्या नायिकेला जुलैमध्ये रजा द्यायची असेल, तर तिला कोल्हापूरपर्यंत आगगाडीने आणि पुढे आंबा घाटातून खाजगी मोटारीनेच घरी आणावे.